करपलेलं

बोर्मिदाच्या खोऱ्यात, डांबर संपतं त्या वळणापुढे
ओत्ताविया राहते, एक्याऐंशी वर्षांची.
दर गुरुवारी मी जाते. पायाची जखम धुते,
दंडाला पट्टा गुंडाळते, आकडे वहीत उतरवते.
मग ती म्हणते, "आता माझी पाळी,"
आणि कपाटातून बाटली काढते.

दुकानात मिळते ती नव्हे.
ती संन्याशाच्या झग्याची, कमरेला दोरी बांधलेली;
तिचं नाव काढलं की ओत्ताविया नाक मुरडते.
मुरडण्यापुरतं उरलंय, म्हणते.
चार वर्षांपूर्वीच्या तापात वास येणंच थांबलं.
साबण गेला, शेण गेलं, सकाळचा पाव गेला,
रेमीजोचा कोट गेला, खुंटीवर असून.
नाक आता चष्मा टेकवायला.

तरी ऑगस्टात हेझलनट गळले की
ती झाडाखाली ओणवी.
एकेक कानाशी धरून हलवते:
सुकलेला आत खुळखुळतो, भरलेला बोलत नाही.
भट्टीजवळ स्टूल ओढून ऐकत बसते,
सालं तडकायची थांबली की ट्रे बाहेर.
खरखरीत टॉवेलात चोळायचे, फुंकर मारायची,
मग बरणी, स्पिरिट, व्हॅनिलाची एक शेंग,
आणि चाळीस दिवस काळोख.
"रोज एकदा हलवायची. जोरात नाही.
झोपलेल्याचं पांघरूण सारखं करतो तेवढंच."

पहिल्या गुरुवारी मी एका घोटात संपवलं होतं.
"औषध आहे का ते? तुम्ही नर्सा!"
पेला लहान हवा, अंडं मावेल एवढा.
फ्रिजमध्ये नाही, थंडीत वास तोंड उघडत नाही.
बुडाशी मूठ धरायची, थोडं थांबायचं.
ओठ नंतर. आधी नाक.
बर्फ? भर उन्हाळ्यात, एक खडा, तोही पाहुण्याला.
लिंबाची साल चालेल.
दूध घालून पितो तो एर्मेते,
त्याच्याबद्दल या घरात बोलायचं नाही.
"आणि मला सांग. काय येतंय ते सांग."

मी सांगत आले.
भाजलेलं लोणी. कोऱ्या वहीचं पान.
शाळेतला पेन्सिलींचा लाकडी डबा.
"तळाशी ओलं काही? पानांसारखं?"
आहे, म्हटलं की ती मान हलवायची,
हरवलेली किल्ली खिशातच सापडावी तशी.

यंदाची बाटली नोव्हेंबरात उघडली.
मूठ धरली, थांबले, नाक नेलं.
धूर. कढईत विसरून गेलेलं काहीतरी, काळं, कडू.
ती चष्म्यावरून बघत होती.
एर्मेते म्हणाला होता, वा. क्लेलिया म्हणाली होती, वा.
पाद्रीबुवांनी तर दुसरा पेला मागून घेतला होता.
मला वहीत खोटा आकडा लिहिता येत नाही.
सवय आहे, सद्गुण नव्हे.
"करपलंय," म्हटलं.

खिडकीतलं मांजर उठून निघून गेलं.
मग ओत्ताविया हसली, कवळी सटकेपर्यंत हसली.
"त्या दिवशी शेजारच्या बागेत यंत्र चालू होतं,
हेझलनट ओढून घेणारं, दिवसभर घरघर.
तडकणं ऐकूच आलं नाही मला.
संशय होताच. तिघांना पाजून बघितलं,
तिघंही गोड बोलले."

आता या सहा बाटल्यांचं काय?
"कॉफीत. कॉफी मुळातच करपलेली,
तिला कुठे कळतंय."
तिने मोका चुलीवर चढवला,
दोन कपांत दोन दोन चमचे ओतले, माझ्यात तीन.
चांगली लागली. हेही खरंच सांगितलं.
तिने घोट घेतला, गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवलं:
"इथपर्यंत उतरलेलं मला कळतं.
त्याच्या वरचं तू बघ."

परतीच्या वळणावर गाडी थांबवून वही लिहिली.
रक्तदाब एकशे अडतीस. जखम भरते आहे.
साखर: आज मोजली नाही.